घरच्यांचं बाक

दि. ४ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचत असताना तू काउंटरखाली कागद धरून मला लिहितेस, म्हणून तुझ्या ओळी अशा उतरणीला लागतात, हे कळल्यापासून मला त्या जास्तच आवडायला लागल्या आहेत. मालकिणीने पकडलं तर माझं नाव सांगू नकोस म्हणजे झालं.

माझं बरं चाललंय. दिवसा पडद्यांचं दुकान, संध्याकाळी तालीम. दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांतून आमचे निम्मे झगे शिवले जातात. मालकाला मात्र वाटतं मी फार काटकसरी आहे, एक चिंधी वाया घालवत नाही.

तू विचारलंस की बॉल बॉल म्हणतोस ते नक्की असतं काय. एक मोठा हॉल. मधोमध लांब मोकळी वाट, दोन्ही बाजूंना लोक, टोकाला परीक्षकांचं टेबल. ज्यांना एरवी रस्त्यावरून अंग चोरून चालावं लागतं अशी आमच्यासारखी माणसं त्या वाटेवरून एकेक करून चालत जातात. कुणी झग्यात, कुणी सुटाबुटात, कुणी नुसत्या हातांनी नाचत. परीक्षक आकडे वर धरतात. गाणाऱ्यांची असतात तशी आमच्यात घराणी असतात. माझं चांदणी घराणं. प्रत्येक घराण्याला एक आई असते. आमची आई दिवसा नाटकवाल्यांसाठी केसांचे टोप बनवते. जन्मली तेव्हा घरचे तिला मुलगा म्हणाले होते, पण ती बाई आहे, आणि घरातून निघालेल्या आम्हा सगळ्यांना जेवलास का हे विचारणारी तीच आहे.

यंदा मी ‘हुबेहूब’मध्ये उतरतोय. त्यात सजायचं नसतं, रोज दिसणारं साधं माणूस व्हायचं असतं, इतकं खरं की बघणाऱ्याला शंका येता कामा नये. यंदा विषय आहे कामावरची बाई. मी कोण होणार हे तुला सांगायला नकोच. तेव्हा मावशी, आईच्या पेटीत तळाशी तिचा कंडक्टरचा कोट असेल. गुपचूप काढून पाठवशील का? तिला कळू देऊ नकोस. किंवा कळू दे. मला खरंच ठरवता येत नाही.

अजून एक सांगतो, हसू नकोस. आमच्या वर्षाच्या बॉलला पुढचं एक बाक घरच्यांसाठी राखून ठेवतात, रक्ताच्या घरच्यांसाठी. घराण्याची आई ते स्वतः पुसते आणि दुसरं कुणी बसू नये म्हणून प्रत्येक जागेला पिवळी रिबीन बांधते. बहुतेक ते रिकामंच राहतं. बाक डावीकडे असतं, म्हणून चालताना मी मान उजवीकडे ठेवतो. बसडेपोतल्या आईच्या निरोपसमारंभात मी नाचलो, ड्रायव्हर लोक हसले आणि घरी पोचेपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, त्याला आता तीन वर्षं होतील. मी तिला भेट म्हणून नाचलो होतो गं. तिने त्या बाकावर यावं असं मला इतकं वाटतं की तिकडे बघायचीच भीती वाटते.

तुझा लोभ मला पुरतो. थोडा उरला तर तिच्यापर्यंत पोचव.

तुझा,
भिंगरी


दि. १३ ऑक्टोबर

चि. भिंगरी यास,
अनेक आशीर्वाद.

घात झाला रे बाबा. ताई खाली दळण आणायला गेली असं बघून मी पेटी उघडली, कोट काढला, आणि वळते तर ही दारात उभी. दळणवाल्याकडे गर्दी होती म्हणे. माझ्या एका हातात कोट, दुसऱ्या हातात तुझं पत्र. चोरी करायची तर पत्र दुकानात ठेवून करावी एवढी अक्कल या वयातही मला नाही.

तिने पत्र ओढून घेतलं आणि खिडकीशी उभं राहून वाचलं. मी जीव मुठीत धरून बसले. झग्यांचं वाचलं, चेहऱ्यावर रेघ हलली नाही. रिबिनींचं वाचलं, पान उलटलं. मग एकदम कागद खाली केला आणि मला विचारलं, की ही घराण्याची आई कोण? मी म्हटलं अगं तशी पद्धत असते त्यांच्यात. तर म्हणाली, पद्धत कसली, मी जिवंत असताना माझा मुलगा परस्पर दत्तक गेला आणि मला साधी चिठ्ठी नाही. तुझा नाच, तुझे झगे, तुझं सगळं राहिलं बाजूला. दत्तक हेच डोक्यात घेऊन बसली आहे. मी लाख समजावलं की कागदपत्र काही होत नाहीत, नुसतं म्हणायचं असतं. त्यावर म्हणाली की नुसतं म्हणायचं असेल तर दुसरं काहीतरी म्हणावं, तो शब्द घेतलेला आहे.

रात्रीपासून जेवणात लक्ष नाही. खिडकीत बसते, आवाजावरून बसचा नंबर सांगते आणि उशीर झाला म्हणून ड्रायव्हरला शिव्या घालते, ते नेहमीचंच. पण काल बस येऊन गेली तरी काही बोलली नाही. मी दिवसभर लोकांना नंबर काढून देते रे, पण सख्ख्या बहिणीच्या डोळ्यांपुढचं मला दिसेना झालंय. आज सकाळी तिने तुमच्या त्या आईचा पत्ता मागितला. मी द्यायला नको होता, पण तिने कंडक्टरच्या आवाजात मागितला, आणि त्या आवाजापुढे भल्याभल्यांनी तिकिटं काढली आहेत.

कोट तिने उशाशी ठेवलाय. मिळेल का ते सांगता येत नाही. तू नीट खा. माझा लोभ आहे म्हणून तर या वयात चोऱ्या करते.

तुझी,
मावशी


दि. १५ ऑक्टोबर

चांदणी घराण्याच्या आईसाहेब यांस,
न. वि. वि. (‘सप्रेम’ मुद्दाम लिहिलेलं नाही.)

माझा मुलगा तुम्हाला आई म्हणतो असं समजलं. मी त्याला कुणाला दत्तक दिलेलं नाही. नवरा होता तोवर मला सवत आली नाही, आता मुलाच्या बाजूने आली.

त्याला मी कसं वाढवलं हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते. शाळा सुटली की त्याला ठेवायला जागा नव्हती. माझ्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर तो बसायचा, डेपोत गाडी लावेपर्यंत. त्याचं तिकीट मी रोज माझ्या पगारातून फाडलं. कामावर असताना त्याच्याकडे बघायचं नाही हा माझा नियम होता. मार्गावरची मी पहिली बाई. पोराला खेळवते म्हणाले असते तर नोकरी गेली असती. शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली की कंडक्टरला मागे वळून सगळ्या सीट बघाव्या लागतात, कुणाची छत्री राहते, कुणाचा डबा. तेव्हा तो सीटवर झोपलेला असायचा. दिवसभरात तेवढं एकदाच मी त्याच्याकडे पोटभर बघायचे. तुम्ही त्याच्याकडे केव्हाही बघू शकता, हे तुमचं नशीब.

आता विचारायचं ते विचारते. त्याचा डावा घोटा लहानपणी मुरगळलेला आहे. तुमच्या नाचात पाठीवर पडतात म्हणे. कुठली आई हे होऊ देते? थंडीत त्याचा घसा धरतो, गरम पाणी प्यायला सांगावं लागतं, आपणहून पीत नाही. रात्री दिवा चालू ठेवून झोपतो का अजून? उत्तर द्यायचं तर या तीन गोष्टींचं द्या, बाकी नको.

लोभ नाही, तेव्हा तो असावा असंही लिहीत नाही.

त्याची आई


दि. २३ ऑक्टोबर

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

वयाने तुम्ही मोठ्या, म्हणून ताई म्हणते. सवतीला एवढं चालावं.

आधी तुमचे तीन प्रश्न. घोट्याला मी तालमीआधी पट्टी बांधते, स्वतः बांधते, तो सैल बांधतो. गरम पाण्यासाठी रोज भांडावं लागतं. दिवा चालू ठेवूनच झोपतो आणि विजेच्या बिलावरून बाकीची पोरं त्याला टोचून बोलतात.

ताई, दत्तक कुणी कुणाला घेतलेलं नाही. मला त्यांनी आई म्हणायला सुरुवात केली, कारण कुणीतरी दार उघडायला जागं असावं लागतं. माझं काम एवढंच. तुमची जागा मी घेतली असती तर पुढच्या बाकावर दर वर्षी तुमच्या नावाची रिबीन बांधली नसती.

त्याच्या चालीवरून माझी आणि त्याची किती भांडणं झाली म्हणून सांगू. तो आला तेव्हा पाय जरा फाकवून, गुडघे सैल सोडून, कंबरेतून डुलत चालायचा. मी म्हणायचे, अरे झग्यात कोण असं चालतं, बोटीवर उभा आहेस का. त्याने ऐकून घेतलं, ऐकून घेतलं आणि एके दिवशी सांगितलं की माझी आई चालत्या बसमध्ये अशी चालते, दांड्याला हात न लावता, दोन्ही हात तिकिटांत गुंतलेले, आणि उभ्या जन्मात एकदाही पडलेली नाही. त्यानंतर मी त्याच्या चालीला हात लावला नाही. पाठीवर पडायच्या नाचात बाकीच्यांचा तोल जातो, याचा जात नाही. ते तुमचं आहे.

दुसरं म्हणजे नाव. आमच्याकडे आलं की प्रत्येक जण नवं, मोठं, झगमगीत नाव घेतो. मी त्याला पाच-सहा सुचवली. म्हणाला माझ्याकडे एक आहे, आईने ठेवलेलं, घरभर गिरक्या घ्यायचो म्हणून. भिंगरी. भरल्या हॉलमध्ये लोक त्या नावाने ओरडतात, तेव्हा मला तुमची फार आठवण येते, आणि मी तुम्हाला पाहिलेलंही नाही.

माझीही आई होती. मी बाई आहे हे तिला सांगितलं त्या दिवसापासून तिने माझं नाव घेणं सोडलं. ती गेली, पण बाकावर एक रिबीन मी अजून तिची बांधते. कुणी विचारलं तर सवय आहे म्हणते. खरं सांगायचं तर मला ती अजून हवी आहे.

बॉल तेवीस नोव्हेंबरला आहे, रविवारी दुपारी, कारण हॉल तेवढाच वेळ मोकळा मिळतो. तुमचं पत्र मी त्याला दाखवलेलं नाही. ते आपल्या दोघींचं.

तुमचा लोभ मागत नाही. त्याच्यासाठी असलेला तेवढा त्याला मिळू दे.

तुमची,
धाकटी


दि. १२ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. आत चिठ्ठी असेल म्हणून मी कोटाचे सगळे खिसे उलटे केले. नव्हती.

कोट तू इस्त्री करून पाठवलास. बटणं नव्याने शिवली आहेस, आणि सोबतच्या तिकिटाच्या पंचाला तेल घातलं आहेस. पैशांच्या पिशवीचा पट्टा माझ्या उंचीला तीन भोकं सोडून लावलेला आहे. माझी उंची तुला अजून पाठ आहे हे बघून मी दुकानात, दोन गिऱ्हाइकांच्या समोर, रडलो. त्यांना वाटलं पडद्याचं कापड बिघडलं.

आई, त्या दिवशी डेपोत तुला खाली बघायला लागावं असं मला करायचं नव्हतं. तू निवृत्त होत होतीस, आणि माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. मी असाच आहे. माझं मन पुरुषावरच बसतं, माझे हात असेच नाचतात, आणि हे जाणारं नाही, मला घालवायचंही नाही. पण याचा अर्थ तू नकोस असा कधीच नव्हता. इथे मला माणसं आहेत, माया आहे, तरी बस वळणावर करकरली की मी अजून मान वर करतो.

मी तुझ्यासारखं चालून बघतो आहे. पंच दांड्यावर वाजवायचा तो ठेका जमला. पुढे सरका म्हणताना तू हनुवटीने दाखवायचीस, तेही जमलं. तेवीस तारखेला दुपारी ये असं लिहिणार होतो. दुखऱ्या गुडघ्यांमुळे तुला एवढा प्रवास झेपणार नाही हे कळतं. तरी लिहितो, ये.

लोभ कसा मागावा ते आता कळत नाही. आहे असं धरून चालतो.

तुझा,
भिंगरी


दि. २५ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

जिंकलो. सगळ्या परीक्षकांनी दहा धरले. करंडक एवढा मोठा आहे की घराण्याच्या आईने त्यात टोपांचे ब्रश ठेवायचं ठरवलंय.

तू असतीस तर हसून गडबडा लोळली असतीस. मी वाटेवर आलो, पिशवी डाव्या कमरेला, आणि पहिल्याच पावलाला पंच वाजवला. मग मी पुढच्या रांगेतल्या एका आडदांड माणसाला नुसत्या हनुवटीने आत सरकायला सांगितलं, आणि तो खरंच सरकला, बिचारा घाबरून. तिथून जो गलका सुरू झाला तो मी टोकाला पोचेपर्यंत थांबला नाही. शेवटी हात वर करून डबल बेलची दोरी दोनदा ओढल्यासारखं केलं, करंडक घेतला आणि तडक पडद्याआड गेलो. आत जाऊन मात्र कोट काढवेना. घराण्याच्या आईने मला तसंच बसून राहू दिलं.

आई आली नाही. मी बाकाकडे पाहिलं नाही, मान उजवीकडेच ठेवली, पण आली असती तर कुणीतरी सांगितलं असतंच ना. घराण्याची आई दिवसभर आत केसांच्या पिना लावण्यात अडकली होती. हॉल आवरताना बाकावरची एक रिबीन कमी भरली म्हणून तिने सगळ्या पोरांना फैलावर घेतलं. कुणीतरी केसांना बांधली असणार.

मी वाईट वाटून घेत नाही असं लिहिणार होतो, पण तू ओळखशील. फार वाईट वाटतंय मावशी. सगळ्या हॉलने तिला पाहिलं आणि तिनेच पाहिलं नाही.

तिला कोट परत हवा असेल का ते विचार. तुझा लोभ आहे, त्यावर चाललंय.

तुझा,
भिंगरी


दि. २९ नोव्हेंबर

चि. भिंगरी यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं मावशीला आलेलं पत्र मी वाचलं. या घरात आता कुणाचं पत्र कुणाचं राहिलेलं नाही.

रिबीन माझ्याकडे आहे. पोरांना रागावू नका म्हणून धाकटीला सांग. तिच्यावर बसायचं कसं, म्हणून सोडून पर्समध्ये ठेवली, आणि तशीच घरी आली.

तुझ्या मावशीला मी गुडघा दाखवायला जाते असं सांगितलं होतं. तीन बस बदलल्या. तिसरीचा कंडक्टर मुलगा सगळा वेळ दांडा धरून उभा होता, त्याला मी दोन शब्द सुनावले. हॉलच्या दारातल्या पोरीने मला कुणाची म्हणून विचारलं. मी सांगितलं भिंगरीची आई. तिने हात धरून बाकापर्यंत आणून सोडलं आणि कुणाला सांगू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. कामावर असलेल्या माणसाचं लक्ष काढू नये.

तू आलास आणि मला माझीच पावलं दिसली. मी नोकरीला लागले तेव्हा डेपोतले सगळे माझ्या या चालीला हसायचे, बदक म्हणायचे. त्या दिवशी तुझ्या नाचाला हसले ते हसणं तेच होतं, मी ते लांबून ओळखते. मला तुझी लाज वाटली नव्हती. ते हसू तुझ्याही वाट्याला आलं हे मला बघवलं नाही, आणि काय बोलावं ते सुचलं नाही. मग तू गेलास, आणि बोलायला कुणी उरलं नाही. परवा त्याच चालीसाठी लोक खुर्च्यांवर उभे राहिलेले पाहिले. माझं नाव घेऊन कुणी ओरडत नव्हतं, पण मी ठेवलेलं नाव घेऊन ओरडत होते. शेजारच्या बाईने मला रुमाल दिला. तो परत करायचा राहिला.

तू हाताच्या अंतरावरून गेलास. मान उजवीकडे. मी कोटाच्या बाहीला हात लावू शकले असते. लावला नाही.

काम तू चोख केलंस. पंचाचा ठेका बरोबर, हनुवटी बरोबर, पट्टाही बरोबर बसला. एकच चुकलं. शेवटच्या थांब्यावर कंडक्टर तसा उतरून जात नाही. गाडी रिकामी झाली की एकदा मागे वळून सगळ्या सीट बघतो, कुणी राहिलंय का. मी रोज बघायचे. तुला ते माहीत नाही, कारण तू तेव्हा झोपलेला असायचास. तू टोकाला गेलास, करंडक घेतलास आणि तसाच आत निघून गेलास. वळला असतास तर मी तिथेच बसले होते. हॉल रिकामा होईपर्यंत बसले होते. मग परतीची शेवटची बस चुकेल म्हणून उठावं लागलं.

कोट परत पाठवू नकोस, घालून ये. येत्या रविवारी ये. धाकटीलाही आण, तिला गरम पाण्याचं विचारायचंय. मी खिडकीत असेन. बसमधून उतरलास की वर बघ.

तुझी,
आई